दस्ती झटकल्यावर

दिवाळीला इंडोनेशियाहून गावी गेलो की पहिले दोन दिवस प्रश्न ठरलेले असतात. तिकडं ज्वारी मिळते का, मुसलमानांचा देश म्हणजे दिवाळीची सुट्टी असते का, पगार किती. ज्वारी मिळत नाही, रजा टाकावी लागते, आणि पगार कोटीत आहे. फक्त तो रुपयांत नसून रुपियात आहे, हे मी जरा थांबून सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या गावाला हा विनोद आता पाठ झालाय, पण दरवर्षी कुणीतरी नवा माणूस फसतोच.

यंदा तिसऱ्या दिवशी गाडी वेगळ्या रस्त्याला लागली. सकाळी ओट्यावर पेपर आला. आतल्या पानावर एक बातमी होती, ‘पाच हजारांची लाच घेताना रंगेहाथ’. तालुका दुसरा, माणूस दुसरा, पण मथळा कायमचाच. मराठवाड्यातल्या कुठल्याही पेपरच्या जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तरी तो सापडतो. शाळेतून रिटायर झालेले गुरुजी म्हणाले, "आपल्याकडं सिंगापूरसारखं पाहिजे. धरला की आत." नाना म्हणाले, "काय उपयोग? अँटी करप्शनवाले बी चिंगळ्याच धरतेत, मोठा मासा त्यांच्या जाळ्यात बसतच नाही." तिसरा म्हणाला, नवा लोकायुक्त येऊ द्या, मग बघा. आणि मग तिघांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तेरा वर्षं भाईर राहायलाव. तुम्ही सांगा."

चुलतभाऊ बाळू तिथंच खांबाला टेकून बसला होता. या विषयावर बोलायचा खरा हक्क त्याचा. तो काहीच बोलला नाही.

आधी सिंगापूरचं उरकतो, कारण ते थोडक्यात उरकण्यासारखंच आहे. तिथली सीपीआयबी ही लाच धरणारी संस्था १९५२ साली इंग्रजांनी स्थापली. त्याआधी अफूच्या एका लुटीत पोलीसच सामील निघाले होते, म्हणून तपास पोलिसांच्या हातून काढून घेतला. आज ती थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला बांधलेली आहे, आणि पंतप्रधानांनी चौकशी अडवली तर तिचा संचालक राष्ट्राध्यक्षांकडे जाऊ शकतो, अशी राज्यघटनेतच सोय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथले माजी वाहतूकमंत्री ईश्वरन यांना १२ महिन्यांची शिक्षा झाली. शर्यतीची नि नाटकांची तिकिटं, दारूच्या बाटल्या, एक घडीची सायकल, असल्या भेटवस्तूंवरून. गुरुजींना हे फार आवडलं. पण सिंगापूर हे एक शहर आहे. एका बेटावर, एका पक्षाच्या हाती, साठ वर्षं वरून नीट चाललेलं. त्याच्याकडे बघून आपण हळहळू शकतो, शिकण्यासारखं फारसं हाती लागत नाही. मी राहतो तो देश आपल्यासारखा आहे. माणसं भरमसाट, बेटं हजारो, भाषा शेकड्यांनी, आणि लाचेला तिथंही लाच म्हणत नाहीत. आपल्याकडं ‘चहापाणी’, तिथं ‘उआंग रोकोक’, म्हणजे सिगारेटचे पैसे. आमच्या आजोबांच्या तोंडी निजामाच्या काळातला ‘मामूल’ हा शब्द होता. नावं बदलतात.

नांदेडला टेक्स्टाईल शिकून मी २०१२ साली बांडुंगजवळच्या एका सूतगिरणीत आलो. भाषा येत नव्हती, कॅन्टीनमधल्या टीव्हीवर जे दिसेल ते बघत बसायचो. त्या वर्षी टीव्हीवर लोक पैसे गोळा करताना दिसायचे. भाजीवाले नाणी टाकतायत, विद्यार्थी नोटा टाकतायत. मला वाटलं, भूकंप-बिकंप झाला असेल. शेजारचा फिटर म्हणाला, नाही, केपीकेच्या इमारतीसाठी. भ्रष्टाचार खोदून काढणाऱ्या सरकारी संस्थेला नवी कचेरी हवी होती, संसदेनं पैसे अडवून धरले होते, म्हणून लोक वर्गणी काढत होते! मी ज्या मुलखातून आलो तिथं देवळासाठी वर्गणी निघते, गणपतीसाठी निघते, फार तर शाळेच्या खोलीसाठी. सरकारी खात्यासाठी खिशात हात घालणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ही केपीके समजून घेण्यासारखी आहे. हुकूमशहा सुहार्तोंची राजवट कोसळल्यावर २००२ च्या कायद्यानं ती उभी राहिली. पाच आयुक्त, त्यांची निवड संसदेकडून. फोन ऐकायला कोर्टाची परवानगी लागत नसे. एकदा तपास सुरू केला की बंद करायचा अधिकार तिला स्वतःलाही नव्हता. हे कलम मला सगळ्यात भारी वाटतं, कारण बंद करता येतच नाही म्हटल्यावर बंद करण्यासाठी फोन येत नाहीत. आणि आणखी एक गोष्ट म्हणजे चिंगळ्या धरायला तिला जवळजवळ मनाईच होती. उच्चपदस्थ, कायदा राबवणारे, किंवा सरकारचं शंभर कोटी रुपिया, म्हणजे आपले साधारण पन्नास लाख, याच्या वरचं नुकसान असलेली प्रकरणं, एवढंच तिचं रान.

मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्यांनी देशाच्या घटना न्यायालयाचा सरन्यायाधीशच घरात रंगेहाथ धरला. अकील मोख्तार. पुढं त्याला जन्मठेप झाली. २०१७ मध्ये संसदेचा सभापती सेत्या नोवांतो अटकेच्या भीतीनं आधी गायब झाला, मग त्याची गाडी दिव्याच्या खांबावर आदळली, आणि वकिलानं सांगितलं की साहेबांच्या कपाळावर पावाएवढं टेंगूळ आलंय. दुसऱ्या दिवशी आख्खा देश त्या खांबाची विचारपूस करत होता, खांबाला फार लागलं नाही ना म्हणून. राष्ट्रीय ओळखपत्राच्या घोटाळ्यात नोवांतोला १५ वर्षांची शिक्षा झाली. संशयितांना केपीके नारिंगी जाकीट घालून कॅमेऱ्यासमोर उभं करायची. कॅन्टीनमध्ये नारिंगी जाकीट दिसलं की हातातला चमचा थांबायचा.

नाना ऐकत होते. म्हणाले, "मग झालं की. असलं काहीतरी इकडं पाहिजे."

तेच तर सांगायचंय, नाना. पुढचं ऐका.

इतक्या लोकांच्या शेपटीवर पाय पडल्यावर ते गप्प बसतील का? २००९ सालीच पोलिसांनी केपीकेच्या दोन उपाध्यक्षांना अटक करून बघितली होती. पोलिसांच्या गुन्हे शाखेचा प्रमुख तेव्हा म्हणाला होता की पाल मगरीशी कशी लढणार? लोकांनी पालीची बाजू घेतली, घटना न्यायालयात फोनच्या टेप वाजल्या, उपाध्यक्ष सुटले. पुढं तोच प्रमुख स्वतः भ्रष्टाचारात तुरुंगात गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये नोव्हेल बास्वेदान या तपास अधिकाऱ्यावर पहाटेची नमाज पढून परतताना तोंडावर ॲसिड फेकलं, एक डोळा गेला. फेकणारे दोघं चालू नोकरीतले पोलीस निघाले आणि शिक्षा एकाला दोन वर्षं, दुसऱ्याला दीड. हे सगळं करूनही पाल मरेना. मग सप्टेंबर २०१९ मध्ये संसदेनं काही दिवसांत कायदाच बदलला. फोन ऐकायला वरच्या मंडळाची परवानगी, तपास बंद करायची सोय, आणि सगळे कर्मचारी सरकारी नोकर. बांडुंगमध्येही पोरं रस्त्यावर उतरली होती, आमच्या मिलच्या गाड्या दोन दिवस वळसा घालून जात होत्या. २०२१ मध्ये सरकारी नोकर होण्याच्या ‘राष्ट्रनिष्ठा चाचणी’त ७५ जण नापास ठरवले, त्यातल्या ५७ जणांना घरी पाठवलं. त्या ७५ मध्ये नोव्हेल होताच. शेवटी २०२३ मध्ये तर केपीकेचा अध्यक्षच खंडणीच्या प्रकरणात संशयित झाला. कुंपणच शेत खातं, ही म्हण तिथल्या लोकांना मला समजावून सांगावी लागली नाही.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचाराच्या यादीत (जास्त गुण म्हणजे कारभार जास्त स्वच्छ) इंडोनेशियाला २०१९ साली १०० पैकी ४० गुण होते, २०२२ साली ३४. या आकड्यांवर मी फार विसंबत नाही, ते लोकांच्या समजुतीवर काढलेले असतात. पण तीन वर्षांत सहा गुण म्हणजे समजूतही घसरलीच की.

तेव्हा माझं मत असं बनलंय की लाच धरणारी यंत्रणा कितपत कामाची आहे, हे तिनं वर्षाला किती सापळे लावले यावरून कळत नाही. तिच्यावर कोण तुटून पडतं, यावरून कळतं. केपीकेचे पंख छाटायला आख्खी संसद एक झाली. आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे पंख छाटा अशी मागणी कुणी कधी ऐकलीय? मोर्चा नाही, सभात्याग नाही. १९५७ पासून खातं आहे, मराठवाड्यासाठी संभाजीनगर आणि नांदेड अशी दोन परिक्षेत्रं आहेत, १०६४ हा नंबर आहे, आणि कुठल्याही मोठ्या माणसाची झोप उडालेली नाही. तिथं काम करणारी माणसं वाईट आहेत म्हणून असं नाही. बाळूच्या प्रकरणात मी त्यांना जवळून पाहिलंय, त्यांनी काम चोख केलं होतं. दोष बांधणीत आहे. खातं गृहविभागाचं, अधिकारी पोलिसांतून काही वर्षांसाठी आलेले, आणि परत पोलिसांतच जायचं. ज्या घरात परत नांदायला जायचंय त्या घरातल्या सासऱ्यावर कोण बोट उचलणार?

त्यात २०१८ ची दुरुस्ती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७अ हे कलम आलं. अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. सापळ्यात जागेवर पकडलेल्याला मात्र ही सवलत नाही. आता विचार करा. हातात रोख घेतो कोण? तलाठी, कारकून, हवालदार, शाखा अभियंता. ज्याची लाच निर्णयात असते, टेंडरच्या अटीत असते, जमिनीच्या आरक्षणाच्या एका ओळीत असते, तो नोटेला कधी हातच लावत नाही. म्हणजे नानांची चिंगळी-मासा ही तक्रार नुसती कुरकूर नाही, ती कायद्यात विणलेली आहे. जाळ्याची भोकंच उलटी आहेत.

लोकायुक्ताचंही तेच. देशात लोकायुक्त सगळ्यात आधी बसवलं ते महाराष्ट्रानं, १९७१ च्या कायद्यानं. पन्नास वर्षं त्यांनी शिफारशी केल्या. अण्णा हजारेंनी २०१९ च्या सुरुवातीला राळेगणला पुन्हा उपोषण केलं, त्यानंतर नवं विधेयक आलं, डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि वर्षभरानं परिषदेत मंजूर झालं. त्यात मुख्यमंत्रीही आणले, म्हणून टाळ्या पडल्या. मात्र मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर विधानसभेच्या दोन-तृतीयांश आमदारांची आधी संमती हवी. इतके आमदार ज्याच्या विरोधात आहेत तो मुख्यमंत्री राहील कसा, हे मी त्या तिसऱ्याला विचारलं. तो तंबाखू मळत राहिला.

आता बाळूचं सांगतो.

काका गेले २०१८ च्या उन्हाळ्यात. वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीला वारसांची नावं लावायची नोंद, करायचा होता. कागद सरळ, भांडण नाही, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत, एवढंच काम. नोंद करणाऱ्यानं आठ हजार मागितले, पाचावर आला. बाळूनं सहा महिने चकरा मारल्या आणि एका दिवशी चिडून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तक्रार दिली. मला फोन करून सांगितलं तेव्हा मी इकडं मिलमध्ये रिंगफ्रेमच्या आवाजात उभा होतो. ‘शाब्बास’ म्हणालो. दोन हजार कोसांवरून शाब्बास म्हणायला काय लागतं!

अँटीवाल्यांनी आधी पडताळणी केली. खिशात रेकॉर्डर ठेवून, सोबत पंच देऊन बाळूला परत पाठवलं, मागणी रेकॉर्ड झाली. मग सापळ्याच्या दिवशी पाचशेच्या दहा नोटांचे नंबर लिहून घेतले, नोटांना अँथ्रासीनची पावडर लावली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून दिल्या. स्वतः हात लावायचा नाही, मागितल्याशिवाय काढायच्या नाहीत. इशारा ठरला की पैसे घेतले रे घेतले की डोक्याची दस्ती, म्हणजे रुमाल, काढून झटकायची. बाळू सांगतो, नोटा देईपर्यंत काही वाटलं नाही, दस्तीला हात लावला तेव्हा हात थरथरला. कारण समोरचा माणूस त्याच क्षणी म्हणाला होता, "काकाचं वाईट झालं रे." त्यानं दस्ती झटकली. अतिनील दिवा लावला तेव्हा पावडर लागलेली त्या माणसाची बोटं निळसर चमकली. संध्याकाळी गावात कुणीतरी फटाके फोडले.

फटाक्यांनंतरचं कुणी विचारत नाही. खटला भरायला त्याच्याच खात्याची मंजुरी लागते. कायद्यात मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी एक महिना. आमच्याकडं दीड वर्ष लागलं. तोवर निलंबन संपून तो ‘अकार्यकारी’ पदावर परत आला. त्याची सासुरवाडी आमच्या शेजारच्या गावची. लग्नात, तेराव्याला, बाजारात बाळूला माणसं भेटू लागली. धमकी एकानंही दिली नाही. सगळे समजुतीनं बोलत. त्याची पोरगी लग्नाची आहे, जाऊ दे, कोर्टात जरा ‘आठवत नाही’ म्हण. काकूसुद्धा म्हणाली. तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाच्या निकालात म्हटलंय, ते मी बाळूला कळवलं. तो म्हणाला, "ते दिल्लीत झालं दादा. मला बाजार इथं करायचाय."

बाळूची साक्ष अजून व्हायचीय. सहा वर्षं होऊन गेली.

आणि मी? तीन वर्षांपूर्वी इंडोनेशियात माझ्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण एका एजंटानं केलं. फीच्या पावतीहून रक्कम बरीच जास्त होती. वरचे कशाचे, असं मी विचारलं नाही. आपल्या कायद्यात आता लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. मी सात दिवसांत बिर्याणी खाऊन विसरून गेलो होतो. तेव्हा परदेशातून शहाणपण पाजळणाऱ्याचं किती ऐकायचं, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

तरीही दोन गोष्टी मला तिथं आणि इथं, दोन्हीकडं खऱ्या दिसल्यात, त्या गुरुजींना सांगितल्या.

पहिली सातबाऱ्याची. आम्ही लहान असताना सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याचा माग काढत फिरावं लागे, आणि तो सापडला की कोंबडी नाहीतर पन्नास रुपये. आज डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो. ती लाच कुठल्या सापळ्यानं मारली नाही. मधलं टेबल काढून घेतलं, म्हणून ती मेली. फेरफारात माणसाची सही अजून लागते, मोजणीत माणसाची तारीख लागते, विहिरीच्या अनुदानात माणसाची शिफारस लागते, तिथं ती टुणटुणीत आहे. मार्च २०२३ मध्ये फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर एका तरुण सरपंचानं विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागतात असा आरोप करत दोन लाखांच्या नोटा उधळल्या होत्या, ते आठवत असेल. हाँगकाँगच्या आयसीएसी या लाच रोखणाऱ्या संस्थेनं १९७४ पासून तीन विभाग केले. एक धरणारा, एक लोकांत जाऊन शिकवणारा, आणि एक नुसता सरकारी कामाच्या पद्धती तपासून भोकं बुजवणारा. आपल्याकडं नावात ‘प्रतिबंधक’ आहे, काम मात्र धरण्याचंच.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. इंडोनेशियात अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची विवरणपत्रं केपीकेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयकर खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलानं एका पोराला बेदम मारलं. लोकांनी त्या मुलाचे जीपचे, मोटारसायकलचे फोटो शोधून काढले, बापाचं विवरणपत्र उघडलं आणि सरकारी पगारात हे कसं, म्हणून गदारोळ केला. रफायल अलुन त्रिसाम्बोदो त्याचं नाव. पंख छाटलेल्या त्याच केपीकेनं त्याला धरलं, २०२४ च्या जानेवारीत १४ वर्षांची शिक्षा झाली. यंत्रणा अर्धमेली होती, पण कागद उघडा होता. आपल्याकडंही राज्याचे सरकारी नोकर मत्ता आणि दायित्वाचं विवरणपत्र भरतात. ते पाकिटात बंद होऊन कपाटात जातं. माहितीच्या अधिकारात मागितलं तर ती खासगी माहिती ठरते, २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तसा. तालुक्यात कुणाचा बंगला कुणाच्या नावावर आहे ते आमच्या ओट्यावर सगळ्यांना माहीत असतं. कागदावर नसतं.

गुरुजी म्हणाले, "हे लिहून काढ." म्हणून लिहायलो.

मी निघायच्या आदल्या दिवशी बाळूनं फेरफाराचा कागद दाखवला. नोंद शेवटी झाली होती, पण त्यात काकूचं नावच सुटलंय. लेखनचूक दुरुस्त करायची तर तहसीलदारांकडं १५५ कलमाखाली अर्ज. म्हटलं, चल, जाऊन देऊन येऊ. तहसीलच्या आवक-जावकच्या टेबलावर तोच बसलेला होता. ‘अकार्यकारी’. केस बरेच पांढरे झालेत. त्यानं बाळूला ओळखलं, बाळूनं त्याला. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्का मारला, पोच फाडून दिली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "परदेशातले पाहुणे का? चहा घेता?"

बाळूनं खांद्यावरची दस्ती सारखी केली आणि म्हणाला, "घेऊ की."